आंबट फळं आणि अनशापोटीची गोळी

भाईंदर पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडलं की फळांच्या गाड्या लागतात आणि त्यांच्यापुढे थोड्याच अंतरावर औषधांची दुकानं. मेडिकलवाल्याकडे 'पॅन फोर्टी' किंवा 'पॅन-डी'ची पट्टी मागणारा माणूस पैसे देता देता हमखास विचारतो, "यावर फळं चालतात ना?" गर्दी असते, मागे चार जण उभे असतात, उत्तर येतं, "चालतात, आंबट टाळा." एवढ्या तीन शब्दांवर कित्येक घरांत वर्षानुवर्षं संत्री-मोसंबी बंद राहतात.

आमच्या घरात या प्रश्नावर दोन तट पडले आहेत. एका बाजूला आत्या. तिचं माहेर वसईचं, वडिलांची केळीची वाडी होती; फळ कधी, कशाबरोबर, कुणी खावं याबद्दल तिची मतं पक्की आहेत. आतोबांना बरीच वर्षं घशाशी आंबट येण्याचा त्रास आहे, गोळी चालू आहे आणि त्यांच्या ताटात काय पडेल ते आत्या ठरवते. दुसऱ्या बाजूला माझी धाकटी बहीण. ती बी. फार्म. झालेली, भाईंदर पूर्वेला मेडिकलच्या काउंटरवर उभी असते. दोघींचं बोलणं मी इथे मांडतो आहे, कारण दोघींच्या म्हणण्यात तथ्य आहे. फक्त आत्याचं जिथे खरं आहे ती जागा वेगळीच निघाली.

आत्या : मी ह्यांची आंबट फळं बंद केली आहेत. मोसंबी नाही, संत्रं नाही, अननस नाही. आंब्याची एखादी फोड, तीही मी देईन तेव्हा. ॲसिड मारायला गोळी घ्यायची आणि वरून आंबट ओतायचं, मग त्या गोळीने करायचं काय?

भाची : आत्या, ही गोळी पोटात पडलेल्या ॲसिडला हातही लावत नाही. ते काम गुलाबी पातळ औषधाचं किंवा इनोचं. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या पोटातून बंदच्या बंद पुढे जातात. आतड्यात गेल्यावर विरघळतात, रक्तात मिसळतात आणि रक्तातून जठराच्या भिंतीत पोचतात. तिथे ॲसिड बाहेर टाकणारे पंप असतात, त्यांना त्या कुलूप लावतात. म्हणजे तुझी मोसंबी पोटात असते आणि औषधाचं काम चालतं ते भिंतीच्या आत.

आत्या : बंदच्या बंद जातात म्हणतेस. पण आंबटाने वरचं आवरण गळून पडत असेल की.

भाची : उलटं आहे. हे आवरण आंबटात टिकावं म्हणूनच बनवलेलं असतं. हे औषध ॲसिडमध्ये उघडं पडलं तर नासतं, म्हणून त्याला वेष्टन. साधारण साडेपाच पीएचच्या वर, म्हणजे आंबटपणा बराच उतरला की ते वेष्टन सुटतं, आणि तशी जागा आतड्यात मिळते. अमेरिकेत गोळी गिळता न येणाऱ्यांसाठी पॅन्टोप्राझोलचे दाणे मिळतात. त्यांच्या पत्रकात स्पष्ट सांगितलंय, सफरचंदाच्या रसात किंवा गरातच घ्या. पाण्यात नको, दुसऱ्या कशात नको. का, तर सफरचंदाच्या आंबटपणात दाण्यांचं आवरण शाबूत राहतं. ज्या फळाला तू घाबरतेस तेच तिथे औषधाला सांभाळतं.

आत्या : आणि दूध? माझ्या सासूबाई ह्यांना गोळी थंड दुधाबरोबर द्यायच्या.

भाची : साध्या पाण्याबरोबर द्यायची. अख्खी गिळायची, चावायची नाही, कुटायची नाही, अर्धी मोडायची नाही. मोडली की वेष्टन गेलं. काउंटरवर मी हे रोज सांगते, कारण गोळी मोठी वाटते म्हणून तुकडे करून घेणारे आजी-आजोबा खूप आहेत. फळाने होणार नाही ते नुकसान त्या तुकड्यांनी होतं.

आत्या : पण संत्र्याने पोटातलं ॲसिड वाढत असेलच ना?

भाची : पोटातल्या रसाचा पीएच एक ते दोनच्या आसपास असतो. संत्र्याचा साडेतीनच्या जवळपास. पीएचमध्ये एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट. दोन आकड्यांचा म्हणजे शंभरपट. पोटाचा रस संत्र्यापेक्षा शंभरपट तीव्र आहे. त्यात संत्रं पडल्याने तीव्रता वाढायची कशी? केळं, पपई, कलिंगड तर पाचच्या आसपास, म्हणजे आणखी सौम्य.

इथवर पारडं बहिणीकडे झुकलं होतं. पण आत्याने जो पुरावा पुढे केला तो पत्रकातला नव्हता, घरातला होता.

आत्या : मग गेल्या महिन्यात काय झालं? सकाळी गोळी घेतली, दहा वाजता मोसंबीचा ज्यूस घेतला, आणि संध्याकाळपर्यंत छातीत जळजळ. खोटं सांगतात का हे?

भाची : मुळीच नाही. जळजळ खरीच झाली. फक्त ती झाली अन्ननलिकेत. आतोबांची अन्ननलिका आधीच वर येणाऱ्या ॲसिडने सोललेली. ज्यूस गिळताना तिला चाटून जातो. जुन्या एका प्रयोगात संत्र्याच्या रसाचा आंबटपणा काढून तो उदासीन केला होता, तरीही अशा रुग्णांना जळजळ झाली. म्हणजे दोष केवळ आंबटपणाचाही नाही, त्या रसाच्या स्पर्शाचाच काही जणांना त्रास होतो. टोमॅटो, अननस, लिंबू यांचंही अनेकांच्या बाबतीत तसंच. पण यात गोळी हरली असं काही नाही. गोळी आपलं काम करतच होती.

आत्या : ज्याला जळजळतं त्याला या हिशोबाशी काय करायचंय? जळतंय ना?

भाची : करायचंय, कारण त्या दिवशी आतोबांनी दुपारी दुसरी गोळी घेतली. विचार त्यांना.

आतोबा आतल्या खोलीतून म्हणाले, "घेतली. सकाळची फुकट गेली असं वाटलं."

माझ्या मते सगळा घोळ या वाक्यात आहे. 'फळाने जळजळ झाली' आणि 'फळाने गोळी मारली' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली काही माणसांच्या बाबतीत खरी आहे. दुसरी या गोळ्यांच्या बाबतीत जवळपास कधीच खरी नाही. दोन्ही एक धरल्या की एकतर फळ कायमचं जातं, नाहीतर मनाने दुसरी गोळी येते. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला दोन्ही महागात पडतं. काउंटरवरच्या "आंबट टाळा"मध्ये यातली कुठली गोष्ट अभिप्रेत आहे हे कुणी सांगत नाही, आणि ते सांगायला हवं.

आत्या : बरं, फळाने गोळी मरत नाही. मग तुझ्या मते कधीही काहीही खा?

भाची : तसं म्हटलंच नाही मी. मी फळापेक्षा घड्याळ बघते. ही गोळी अनशापोटी, खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची. भरल्या पोटी घेतली तर काही गोळ्या कमी शोषल्या जातात. एसोमेप्राझोलच्या पत्रकात जेवणानंतर शोषण त्रेचाळीस ते त्रेपन्न टक्क्यांनी घटतं असं दिलंय. पॅन्टोप्राझोलचं एकूण शोषण घटत नाही, पण उशीर होतो, कधी दोन तास, कधी जास्त.

आत्या : म्हणजे गोळीबरोबर फळ खाल्लं तर परिणाम होतो! हेच तर मी म्हणत होते.

भाची : गोळीबरोबर पोहे खाल्ले तरी होतो, आत्या. यात आंबट-गोडाचा संबंध नाही. आणि अर्ध्या तासाने खाल्लंस तर मोसंबीही चालते, पोहेही चालतात. पण पुढचं ऐक, ते जास्त महत्त्वाचं आहे. हे औषध रक्तात फार वेळ थांबत नाही. दोन-अडीच तासांत त्याची पातळी सर्वांत वर जाते, मग साधारण तासा-दीड तासाला निम्मी निम्मी होत जाते. आणि ते कुलूप लावतं फक्त चालू असलेल्या पंपांना. उपाशीपोटी बहुतेक पंप पेशीच्या आत मिटलेले असतात. आपण खायला लागलो की ते पृष्ठभागावर येतात. गोळी म्हणजे सकाळची भाईंदर लोकल समज. वेळेवर फलाटावर आलेल्यांनाच ती घेणार. कुणी आलंच नाही तर रिकामी निघून जाईल.

आत्या : आणि कुलूप लागलं की?

भाची : लागलेलं कुलूप सुटत नाही. शरीर नवे पंप बनवतं तेव्हाच ॲसिड पुन्हा वाढतं. म्हणून रक्तातून औषध गेल्यावरही परिणाम दिवसभर टिकतो. पण पहिल्याच दिवशी सगळे पंप सापडत नाहीत, पूर्ण गुण यायला तीन ते पाच दिवस लागतात. दोन दिवस घेऊन 'काही फरक नाही' म्हणून सोडणारे खूप आहेत, आणि मग ते दोष देतात कालच्या अननसाला.

आता आत्याच्या थोरल्या मुलाचा विषय निघाला. तो सकाळी सहाला उठतो, डोळे चोळत गोळी घेतो, साडेसहाला फलाटावर एक केळं खातो आणि चर्चगेटकडची गाडी पकडतो. त्यानंतर थेट दीड वाजता डबा. मीरा-भाईंदरमध्ये हजारो माणसांचा दिनक्रम असाच आहे, त्यामुळे हा भाग मी जरा सविस्तर लिहितो.

आत्या : त्याचं तर सगळं तुझ्या नियमात बसतंय. अनशापोटी गोळी, अर्ध्या तासाने केळं. केळं थंड, त्यातून वसईचं. तरी चार वाजता ऑफिसात त्याचं पित्त उसळतं.

भाची : कारण त्याने केळ्याला नाश्ता मानलंय. पंप कशाने चालू होतात बघ. अन्नाचा वास, चव, चावणं यांनी थोडे. पोट ताणलं जाण्याने आणखी थोडे. आणि सगळ्यात जोरात प्रथिनांनी, कारण त्यांचे तुकडे जठरात पोचले की गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक सुटतं. केळ्यात शंभर ग्रॅमला जेमतेम एक ग्रॅम प्रथिन. म्हणजे केळ्याने पंप जागे होतात, पण थोडेच. औषध साडेआठच्या सुमाराला भरात असतं आणि पोट तेव्हा जवळजवळ रिकामं. दीड वाजता डबा उघडला, पोळी, उसळ, आमटी पोटात गेली, पंप धडाधड चालू झाले, आणि तोवर औषध रक्तातून जवळपास संपलेलं.

आत्या : म्हणजे फळाचा गोळीवर परिणाम होतोच.

भाची : (जरा थांबून) हो. या अर्थाने होतो. फळ काही करतं म्हणून नाही. फळ जेवणाची जागा घेतं आणि जेवणाचं काम करत नाही, म्हणून.

मला वाटतं सगळ्या वादातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. 'सकाळी नुसती फळं खा' हा सल्ला सध्या मोबाइलवर फार फिरतो. ज्यांना गोळी नाही त्यांनी तो हवा तर पाळावा. पण ज्यांना ही गोळी चालू आहे त्यांनी सकाळी पपईची वाटी आणि एकदम दुपारी जेवण असा दिवस लावला, तर गोळी अर्धवट उपयोगाला येते. केळं जरूर खावं, पण सोबत उकडलेलं अंडं, मोड आलेल्या मटकीची वाटी, शेंगदाणे घातलेला उपमा, थालीपीठ-दही असं काहीतरी हवं. आणि सकाळी खाणं शक्यच नसेल तर गोळीची वेळ बदलून रात्रीच्या जेवणाआधी घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारता येतं. तो प्रश्न विचारला मात्र फार कमी जातो.

आत्या एवढ्यावर थांबणारी नव्हती.

आत्या : शेजारच्या वहिनींच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या कागदावर लिहिलंय, अमुक फळ खाऊ नका. कागदावर छापलेलं खोटं का?

भाची : ते ग्रेपफ्रूट. आणि ते अगदी खरं आहे. कॅनडात १९८९ मध्ये डेव्हिड बेली नावाच्या संशोधकाच्या गटाने फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर काम करताना दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता. रक्तातली औषधाची पातळी भलतीच वर गेलेली दिसली. तेव्हा लक्षात आलं की त्या फळातली द्रव्यं आतड्यातलं एक एन्झाइम बंद पाडतात, सीवायपी थ्री-ए-फोर त्याचं नाव. ज्या औषधांची मोडतोड ते एन्झाइम करतं, ती औषधं मग शरीरात साचतात.

आत्या : इथे कुठे मिळतंय ते ग्रेपफ्रूट?

भाची : पपनस मिळतं ना. गणपतीत पाच फळांत ठेवतेस. ते त्याच कुळातलं आणि त्यातही तीच द्रव्यं असतात.

आत्या : म्हणजे ह्यांना पपनस वर्ज्य?

भाची : नुसती पॅन्टोप्राझोलची गोळी असती तर मी म्हटलं असतं, खुशाल खा. ती मुख्यतः दुसऱ्याच एन्झाइमने मोडते. पण आतोबांच्या पट्टीवर 'डी' आहे. तो डी म्हणजे डोमपेरिडोन, पोट पुढे सरकवणारं औषध. त्याची मोडतोड हेच थ्री-ए-फोर करतं. आणि डोमपेरिडोनची पातळी वाढली तर हृदयाची लय बिघडायचा धोका असतो, साठीपुढे जास्तच. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये डोमपेरिडोनवर मर्यादा घातली: मळमळ-उलटीपुरतंच, मोठ्या माणसाला दिवसाला तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, आणि शक्यतो आठवड्याच्या आत बंद. आपल्याकडे पॅन्टोप्राझोलबरोबर तीस मिलिग्रॅमचं कॅप्सूल महिनोन् महिने चालतं.

आत्या : तर मग फळाचं राहू दे बाजूला. आधी तो डी कशाला हवा ते विचारायला हवं.

भाची : तेच म्हणते मी. अशी आणखी एक गोष्ट झालेली आहे. सिसाप्राइड म्हणून घशाशी येण्यावरचंच औषध होतं. त्याचीही मोडतोड याच एन्झाइमने व्हायची, त्यानेही हृदयाची लय बिघडायची. आपल्याकडे २०११ मध्ये त्याच्यावर बंदी आली.

इथे आत्या जिंकली असं मी म्हणेन. तिला एन्झाइमचं नाव माहीत नव्हतं, पण 'एखादं फळ एखाद्या औषधाला बाधतं' हा तिचा संशय रास्त होता. चुकली होती ती फळाची निवड. मोसंबी-संत्र्यावर तिने पहारा ठेवला आणि पपनस गणपतीचा प्रसाद म्हणून ताटात आलं. पहारा योग्य जागी हवा असेल तर आधी पट्टीवरचं नाव पूर्ण वाचायला हवं. नुसतं 'पित्ताची गोळी' म्हणून भागत नाही.

भाची : आणखी एक सांगते, कारण काउंटरवर हे विचारायला कुणी येतच नाही. गुलाबी पातळ औषध, म्हणजे ॲन्टासिड. त्यात बहुतेक वेळा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं. त्याच्याबरोबर किंवा पाठोपाठ लिंबूपाणी, संत्र्याचा रस घेतला तर सिट्रिक ॲसिडमुळे ॲल्युमिनियम एरवीपेक्षा खूप जास्त रक्तात शिरतं. निरोगी किडनी ते बाहेर टाकते. पण किडनी अधू असलेल्याच्या शरीरात ते साचतं, हाडांना आणि मेंदूला इजा करतं. तिथे मात्र लिंबूवर्गीय फळ आणि औषध यांच्यात अंतर हवंच, आणि खरं तर किडनीच्या रुग्णाने हे औषध डॉक्टरांना न विचारता घेऊच नये.

आत्या : बघ, म्हणजे आंबट वाईट.

भाची : त्या औषधाबरोबर. प्रत्येक औषधाचं वेगळं बघायला लागतं. फॅमोटिडिनची गोळी असेल तर फळाने काही बिघडत नाही, जेवणाआधी घे, नंतर घे. तुम्ही पूर्वी घ्यायचात ती रॅनिटिडिन २०२२ मध्ये आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून काढली. सुक्रालफेटचं पातळ औषध मात्र रिकाम्या पोटीच. ते जखमेवर थर धरतं, पोटात काहीही असलं तर नीट धरत नाही, मग ते फळ असो की भाकरी.

आत्या : आमचे वैद्य सांगायचे, आंबट रस पित्त वाढवतो. हजारो वर्षांचं शास्त्र आहे ते.

भाची : त्यांनी अपवादही सांगितले असतील. तुला ठाऊक आहेत.

आत्या : आवळा आणि डाळिंब.

भाची : मग? चव आंबट असूनही ही दोन फळं पित्तकर नाहीत असं अष्टांगहृदयात म्हटलंय. म्हणजे तिथेही 'आंबट तेवढं सगळं बंद' असा सरसकट नियम नाही. फळागणिक विचार आहे. तू मात्र आतोबांचं डाळिंबही बंद केलंस.

आत्या यावर काही बोलली नाही. पण तिच्या बाजूने मला एक सांगायचं आहे. पथ्य ही केवळ अंधश्रद्धा नव्हे. पथ्याने माणूस आपल्या खाण्याकडे लक्ष देऊ लागतो, आणि घशाशी येण्याच्या दुखण्यात या लक्ष देण्याचाही उपयोग होतो. बिघडतं ते पथ्य कधी संपवायचं हे न ठरवल्यामुळे. जखम असेपर्यंत जे टाळायचं ते जखम भरल्यावरही टाळलं जातं, आणि ताटातून एकेक रंग जात राहतो.

भाची : मी सांगू काय करायचं? जळजळ जास्त आहे तेवढे दिवस संत्रं, मोसंबी, अननस, टोमॅटो थांबव. बरं वाटायला लागलं की एकेक फळ परत आण. एका वेळी एकच, थोडं, जेवणानंतर लगेच नको आणि रात्री तर नकोच. ज्याने त्रास झाला ते वहीत लिही. बाकीची सोडून दे, म्हणजे खाऊ दे.

आत्या : रात्री का नको? ह्यांना जेवणावर फळ लागतंच. वाटीभर कलिंगड, नाहीतर पपई.

भाची : तिथे खरी चूक आहे. नऊला जेवण, साडेनऊला वाटीभर कलिंगड, दहाला आडवे. पोट तुडुंब भरलं की जठराच्या तोंडाची झडप जास्त वेळा सैल पडते, आणि आडवं झालं की सगळं वर यायला मोकळं. कलिंगड आंबट नाही, तरी त्याने घशाशी येईल, कारण त्याचं आकारमान. तेच कलिंगड दुपारी चार वाजता दे. झोपायच्या आधी तीन तास काही नको. उशाकडची बाजू उंच कर, आणि डाव्या कुशीवर झोपायला सांग.

आत्या : मोसंबीवर मी डोळा ठेवून होते आणि कलिंगडाने घात केला म्हणायचं.

भाची : आणि फळ बंद करण्याचीही किंमत आहे. फळं गेली की तंतू गेले, आतोबांना बद्धकोष्ठ झालं. कुंथलं की पोटावर दाब, दाबाने पुन्हा वर येणार. शिवाय या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की बी-ट्वेल्व्ह कमी शोषलं जातं, लोहही. कधी मॅग्नेशियम उतरतं. आपल्या भाईंदरमध्ये पूर्ण शाकाहारी घरं पुष्कळ. बी-ट्वेल्व्ह तिथे मुळातच कमी, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन असेल तर आणखी कमी. हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, आणि लोक समजतात वय झालं.

आत्या : मग ही गोळीच बंद करू या ना.

भाची : एकदम नको. बरेच दिवस दाबून ठेवलेले पंप अचानक मोकळे झाले की काही आठवडे ॲसिड पूर्वीपेक्षाही जास्त सुटतं. माणसाला वाटतं आजार उलटला, आणि तो पुन्हा गोळीकडे जातो. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. आणि अन्ननलिकेला मोठी इजा झालेली असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपासून पोटाचं रक्षण करायला ही दिलेली असेल, तर ती चालूच ठेवावी लागते. हे ठरवायचं डॉक्टरांनी. तूही ठरवायचं नाही, मीही नाही. शेवटचं कधी दाखवलं होतं?

आत्याला आठवेना. जुनी चिठ्ठी दाखवून पट्टी मिळत राहते, तेव्हा डॉक्टरांकडे जायचं कारणच उरत नाही. ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही असा नियम आहे, आणि तो का आहे हे वरच्या बोलण्यातून कळावं. गिळताना अडकणं, वजन उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी, यांपैकी काही असेल तर फळ की गोळी हा वादच नको, तपासणी हवी. आणि छातीतली जळजळ चालताना वाढत असेल, घाम येत असेल, डावा हात किंवा जबडा भरून येत असेल, तर इनो घेऊन वाट पाहत बसू नये. त्याच पावली दवाखाना गाठावा. पश्चिमेला लोक अजून 'टेंबा' म्हणतात ते भीमसेन जोशी रुग्णालय आहे, जवळचं दुसरं कुठलंही चालेल. पित्त समजून घरी घालवलेले दोन तास हृदयाला परवडत नाहीत.

आत्या : ठीक आहे. सोमवारी ह्यांना दाखवते आणि डी का ते विचारते. डाळिंब उद्यापासून. मोसंबीचं मी बघेन.

भाची : बघ. वहीत लिही मात्र.

आत्या : पण परवा संकष्टी आहे. दिवसभर हे फळांवर असतात, दुपारी जराशी साबुदाण्याची खिचडी, आणि जेवण चंद्रोदयानंतर. तुझ्या हिशोबाने गोळी सकाळी की रात्री?

भाची : सकाळी घेऊन दिवसभर फळं म्हणजे थोरल्याच्या केळ्यासारखंच झालं. त्या दिवशी खरं जेवण रात्रीचं. त्याच्या अर्धा तास आधी घेतली तर जास्त कामाला येईल. सोमवारी डॉक्टरांना हेही विचारून घे.

आत्या : चंद्रोदय साडेनऊला. जेवायला दहा. तू म्हणतेस झोपायच्या आधी तीन तास काही नको. म्हणजे ह्यांनी एक वाजेपर्यंत जागायचं?

भाची : किंवा आतोबांनी या वयात, या दुखण्यात, संकष्टी सोडायची.

आत्या : ते तू सांग त्यांना. मी नाही सांगणार.